शेतातले कोळी, पडीकातले कोळी: माझे पेले खोटं बोलतायत का?

माळकरी

नमस्कार. आजवर नुसता वाचक होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

शेताला लागून मुरमाड पडीक तुकडा आहे. बांध ओलांडला की पाच पावलांत सगळं बदलतं. इकडे पिकाच्या ओळी, तिकडे कुसळीचं गवत, काटेरी झुडपं, निम्मे गाडलेले दगड, वाळवी चढलेली खोडं. घरात त्याला 'वाया गेलेली जागा' म्हणतात. मला पाहायचं होतं की कोळी कुठे जास्त आहेत.

दोन्हीकडे दहा-दहा प्लॅस्टिकचे पेले जमिनीत पुरले, काठ मातीशी अगदी सपाट. वर तीन खड्यांवर टेकवलेली फरशीची कपची. रात्री चालता चालता कोळी आत पडतो आणि गुळगुळीत भिंत चढता येत नाही. सकाळी मोजायचं, सोडून द्यायचं.

आठवडाभर मोजलं. शेतातल्या पेल्यांत पडीकापेक्षा चांगले दुपटीहून जास्त कोळी! बहुतेक एकाच तऱ्हेचे: राखाडी-तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा, पळण्यात वस्ताद. मला उलटं अपेक्षित होतं. म्हणजे पडीकात कोळ्यांचं फारसं काही नाही असं समजायचं का?

जाता जाता: दोनदा पेल्यात एकच गलेलठ्ठ कोळी आणि तळाशी सुटे पाय सापडले. पायांचे मालक कुठे गेले ते सांगायला नको.

---

रात्रकिडा

सुटे पाय 😄 रुमाल टाकून ठेवतो. फोटो कुठायत?

---

अष्टपाद

माळकरी, पहिला धागा आणि थेट मुद्द्याला हात. सविस्तर लिहितो.

पेला कोळी मोजत नाही, कोळ्यांचं चालणं मोजतो. एका जागी जाळं टाकून बसलेला कोळी जन्मात तुमच्या पेल्यात पडायचा नाही. झुडपावरचा, फुलावरचा, सालीखालचा, बिळातला, कोणीच नाही. पडतात ते जमिनीवर हिंडणारे, आणि त्यांत सगळ्यात पुढे लांडगा कोळी, म्हणजे लायकोसिडी कुळातले. तुमच्या वर्णनावरून तेच असावेत. नर की मादी पाहिलंत का? तोंडापुढे दोन छोटे बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखे दिसले तर नर. जोडीदार शोधायच्या दिवसांत नर रात्रभर पायपीट करतात आणि पेले नरांनीच भरतात.

दुसरं, पिकाच्या दोन ओळींमधली जमीन मोकळी आणि सपाट. पडीकात त्याच कोळ्याला गवताची खोडं, काटक्या, खडे ओलांडत जावं लागतं. तितक्याच कोळ्यांमधून शेतात जास्त पडणार. म्हणून पेल्यांचे आकडे दोन वेगळ्या जागांमध्ये सरळ ताडून बघू नयेत.

तिसरं तुम्हीच लिहून गेलात: 'बहुतेक एकाच तऱ्हेचे'. सगळी मेख तिथेच आहे. समजा दोन्हीकडे शंभर-शंभर कोळी आणि दहा-दहा जाती मिळाल्या. एकीकडे प्रत्येक जातीचे दहा. दुसरीकडे एका जातीचे ९१ आणि उरलेल्या नऊ जातींचा एकेक. जातींची संख्या सारखीच, पण शॅनन निर्देशांक (विविधतेचं माप, जाती सारख्या वाटलेल्या असतील तितकं मोठं) पहिल्या ठिकाणी २.३० येतो आणि दुसऱ्या ठिकाणी ०.५०. दुसरी जागा जवळजवळ एकाच जातीची वसाहत झाली, बाकीचे पाहुणे. नांगरलेल्या शेताचं चित्र बऱ्याचदा असंच असतं. गर्दी दिसते, विविधता नसते.

आणि ते पाय: कोरड्या पेल्यात हे होणारच. तळाशी मूठभर वाळकी पानं टाका, लपायला जागा मिळते. पहाटेच मोजा.

---

नांगऱ्या

माफ करा, पण आमची अर्धी कमाई कोळी मारण्यात जाते आणि तुम्ही मोजत बसलाय? वांग्यावर, भेंडीवर कोळी बसला की पानं आधी ठिपकेदार, मग तांबूस आणि खाली बारीक जाळी. कोळीनाशक मारल्याशिवाय हटत नाही. त्याची 'विविधता' वाढवायची?

---

बांधावरची

नांगऱ्या भाऊ, इथे शब्दानं घात केलाय. मी शेतीच्या कामातलीच आहे, हा गोंधळ रोज बघते.

तुम्ही म्हणताय तो 'लाल कोळी'. आकारानं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, अंग एकसंध गोळ्यासारखं, पानात सोंड खुपसून रस पितो. माळकरी मोजतायत तो खरा कोळी: डोकं-छाती मिळून एक भाग, पोट दुसरा, मधे बारीक कंबर. दोघांनाही आठ पाय, दोघंही अष्टपादांच्या वर्गातले, म्हणजे लांबचे भाऊबंद. पण खरा कोळी पान खात नाही, पान खाणाऱ्याला खातो. (मध्य अमेरिकेतला एक उडी मारणारा कोळी बाभळीच्या जातीच्या झाडांच्या पानांची टोकं खाऊन जगतो. पण तो सन्माननीय अपवाद.)

यातली गोम अशी की सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं वारंवार मारली की लाल कोळी बरेचदा आणखी उसळतो. त्याला खाणारे परभक्षी कोळी (हे त्याच्यासारखेच बारीक, पण शिकारी), ढालकिडे आधी मरतात. खरे कोळीही त्या गटातल्या औषधांना फार नाजूक असतात. म्हणजे एका 'कोळ्या'साठी मारलेल्या फवाऱ्यात दुसराच कोळी जातो.

---

नांगऱ्या

हे नव्हतं माहीत. ढालकिडे ओळखतो, ते खाणारे आहेत हेही माहीत आहे. पण जाळंवाला कोळी पिकाच्या कामाचा आहे हे पटायला जरा वेळ लागेल. तो समोर येईल ते खातो. मधमाशीही खाताना पाहिलाय.

---

अष्टपाद

खरंय, खातो. फुलावर दबा धरून बसणारा खेकडा कोळी तर मधमाशीवरच टपलेला असतो. कोळी निवडक नाही. शिवाय मावा आठवड्यात दुणावतो-चौपट होतो, कोळ्याच्या बऱ्याच जातींची वर्षाला एखादीच पिढी. कीड एकदा भडकली की कोळी एकटा तिला आवरत नाही. ती भडकण्याआधी तो तिथे असणं, यात त्याचा उपयोग आहे. बरेच दिवस उपाशी राहू शकतो, त्यामुळे कीड नसतानाही जागा सोडत नाही.

आणि मारणं हे त्याचं निम्मंच काम. १९९७ साली ओस्वाल्ड श्मिट्झ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही पीक घेणं थांबलेल्या जुन्या शेतात. त्यांनी काही कोळ्यांचे जबडे चिकटवून टाकले. म्हणजे कोळी फिरणार, पण कोणाला मारू शकणार नाही. अशा कोळ्यांच्या नुसत्या वावरानं नाकतोड्यांनी आवडतं गवत खाणं कमी केलं आणि आडोसा देणाऱ्या दुसऱ्या वनस्पतींकडे वळले. झाडांवर झालेला परिणाम खरोखर शिकार करणाऱ्या कोळ्यांइतकाच होता. पोलीस नुसता चौकात उभा असला तरी हेल्मेटं डोक्यावर चढतात, त्यातला प्रकार.

---

चिकित्सक

छान चाललंय, पण एक शंका. कोळी जगभरात वर्षाला ४० ते ८० कोटी टन किडे खातात हा आकडा सगळीकडे फिरतो. तो शेतीच्या बाजूनं वापरणं बरोबर आहे का?

---

अष्टपाद

चांगलं पकडलंत. तो अंदाज मार्टिन नीफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर यांचा, २०१७ चा. जगातल्या सगळ्या कोळ्यांचं वजन त्यांनी सुमारे अडीच कोटी टन धरलंय. पण त्याच लेखातलं दुसरं वाक्य कोणी पुढे ढकलत नाही: यातली ९५ टक्क्यांहून जास्त शिकार जंगलांत आणि गवताळ प्रदेशांत होते. शेतजमिनीचा वाटा अगदी किरकोळ. कारण साधं आहे. जिथे दर काही महिन्यांनी जमीन उलथते, तिथे कोळ्यांची संख्या साचत नाही.

त्यामुळे हा आकडा शेतापेक्षा माळकरींच्या 'वाया गेलेल्या जागे'च्या बाजूनं जास्त बोलतो.

---

बांधावरची

भाताचं उदाहरण द्यायलाच हवं. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भात जाळून टाकला होता. फवारणी वाढत गेली तसे तुडतुडेही वाढत गेले. तुडतुड्याची अंडी रोपाच्या आत असतात, त्यांना औषध लागत नाही, आणि बाहेर तुडतुड्यांना खाणारे लांडगा कोळी मात्र मरतात. अंडी फुटतात तेव्हा रान मोकळं. १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

पुढे जावामध्ये विल्यम सेटल आणि सहकाऱ्यांनी (१९९६) आणखी खोलात जाऊन पाहिलं. रोपं लहान असतात, कीड आलेलीच नसते, तेव्हा कोळी खातात काय? तर चिखलातल्या कुजक्या पाल्यापाचोळ्यावर वाढणारी चिलटं. जमिनीत सेंद्रिय माल असेल तर चिलटं भरपूर, आणि मग कीड यायच्या आधीच कोळ्यांची फौज तयार. नांगऱ्या भाऊ, कोळी 'समोर येईल ते खातो' ही तुमची तक्रारच इथे त्याचा गुण ठरते.

---

माळकरी

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. दरम्यान पेल्यात पानं टाकली, सुट्या पायांचा प्रकार थांबला. हातमोजेवालेच जास्त निघाले, अष्टपाद दादा, तुमचं बरोबर.

आता चालण्याऐवजी कोळी मोजायचे तर काय करू?

---

अष्टपाद

एक पद्धत पुरत नाही, दोन्हीकडे सारख्या वेळेत सगळ्याच करायच्या.

झुडपाखाली उलटी पांढरी छत्री धरा आणि फांदीवर काठीनं चार ठोके द्या. छत्रीत काय काय पडतं ते पाहून थक्क व्हाल. गवतावरून कापडी जाळी फिरवा. सालीखाली, दगडाखाली हातानं शोधा, पण दगड जसा होता तसाच परत ठेवा. खालचं घर वर्षांचं असू शकतं. पालापाचोळा पांढऱ्या कापडावर चाळा. जाळी पाहायची तर धुकं-दव पडलेल्या सकाळी, एरवी शेजारून गेलात तरी दिसत नाहीत.

नावाच्या फंदात लगेच पडू नका. बहुतेक कोळ्यांची जात पक्की करायला प्रौढ नर-मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. पिल्लू असेल तर जाणकारही कुळापाशीच थांबतो. 'तऱ्हा १, तऱ्हा २' असं लिहून फोटो लावा, तुलनेला तेवढं पुरतं. बर्नच्या संग्रहालयाकडे असलेल्या जागतिक कोळी सूचीत २०२२ मध्ये ५०,००० वी जात नोंदली गेली, त्यामुळे आपण घाई करण्यात अर्थ नाही.

एक चोरवाट सांगतो. भिंतीवर मातीची घरं करणारी कुंभारीण माशी आपल्या अळीसाठी कोळी डंखून आत कोंबते. एखादं नुकतं बंद झालेलं घर पडून फुटलेलं मिळालं तर आत लुळे पडलेले, पण जिवंत कोळी दाटीवाटीनं भरलेले असतात. ती झुडपांवर नि जाळ्यांवर शोधते, म्हणजे तुमच्या पेल्यात कधीच न पडणारे तिनं गोळा केलेले असतात.

---

रात्रकिडा

आणि माझी पद्धत राहिलीच! अंधाऱ्या रात्री बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी शेजारी धरा. हात लांब करून धरली तर काही दिसणार नाही. लांडगा कोळ्याच्या डोळ्यांमागे आरशासारखा पडदा असतो, तो उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवतो. जमिनीवर हिरवट-निळसर ठिपके लुकलुकायला लागतात. दवाचे थेंबही चमकतात, पण आपण सरकलो की त्यांचा रंग फुटतो नि विझतो. डोळा तसाच तुमच्याकडे बघत राहतो.

काल एका ठिपक्याजवळ उकिडवा बसलो. मादी होती, पाठ खरबरीत, ढेकळासारखी. जवळून पाहिलं तर ती पाठ नव्हतीच, पिल्लं होती, एकावर एक थर. गवताची काडी हळूच टेकवली तर वरची दहा-बारा काडीवर चढून आली, आणि मी काडी खाली ठेवल्यावर आईच्या पायांवरून चढून परत जागेवर. ही आई आधी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते, पिल्लं निघाली की पाठीवर घेते.

---

माळकरी

आज खूप दिवसांनी लिहितोय. छत्री, जाळी, बॅटरी, सगळं केलं. शेतात: लांडगा कोळी भरपूर. रोपांच्या शेंड्यांवर पायांना ताठ काटे असलेला हिरवट कोळी (लिंक्स, ऑक्सिओपिडी, बरोबर ना?). उडी मारणारे थोडे, गोल जाळीवाले दोन-तीन तऱ्हांचे. संपलं.

पडीकात वही पुरेना. दगडाखाली चपटे, काळपट, चकचकीत, उजेड पडला की सटकणारे. सालीवर सालीच्याच रंगाचा, मागे दोन लांब शेपट्यांसारखं काहीतरी असलेला. गवतात जाळ्यावर पांढरी नागमोडी नक्षी काढून बसलेली मोठी बाई. काटेरी झुडपावर तर धाग्यांचं मळकट गाठोडं, आत पानं, किड्यांची टरफलं, आणि मऊ मखमली राखाडी कोळी एक नव्हे, कितीतरी, एकत्र! कोळी एकमेकांना खातात असं आपणच वर बोललो ना?

अजून एक. पायवाटेच्या कडेला मुरमात साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ दिसलं. काडीनं कड उचलायला गेलो तर ते आतून खाली खेचलं गेलं. घट्ट. मी दचकून मागे.

---

अष्टपाद

भाग्यवान आहात. क्रमानं घेतो.

लिंक्स बरोबर. चपटे काळपट बहुधा नॅफोसिडी, कोरड्या जमिनीतले नेहमीचे रहिवासी. शेपट्यावाला हर्सिलिया, त्या शेपट्या म्हणजे लांबलेले कातण-अवयव. नक्षीवाली बाई आर्जिओपी. गाठोडं म्हणजे स्टेगोडायफस, एकत्र राहणाऱ्या मोजक्या कोळ्यांपैकी. मिळून जाळं विणतात, मिळून शिकार ओढतात, माद्या मिळून पिल्लं सांभाळतात आणि शेवटी पिल्लं त्या माद्यांनाच खाऊन मोठी होतात. तेव्हा तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

वर्तुळ म्हणजे झाकणवाल्या कोळ्याचं दार. माती आणि रेशमाचं झाकण, रेशमाचीच बिजागरी. ती आतून सुळ्यांनी नि पुढच्या पायांनी झाकण धरून बसते. परत उचकटू नका. मादी साधारणपणे सगळं आयुष्य त्याच बिळात काढते.

आयुष्य किती? पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात मधेच राखलेल्या झुडपी जमिनीवर बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून अशा बिळांना क्रमांक देऊन नोंदी ठेवल्या. १६ क्रमांकाची मादी ४३ वर्षं जगली. २०१६ मध्ये झाकणाला भोक पडलेलं दिसलं. म्हातारपणानं नव्हे, परजीवी गांधीलमाशीनं घात केला होता. चारी बाजूंनी किती पेरण्या, किती कापण्या झाल्या असतील, बाई त्याच भोकात. त्या तुकड्यावरून एकदा नांगर फिरला असता तर? तिची पिल्लं हवेवर उडून लांब जाणारी नव्हेत, आईच्या बिळाजवळच आपलं बीळ करतात. एकदा गेली की आजूबाजूहून परत येत नाहीत.

---

चिकित्सक

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतायत असं वाटतं. एक, पडीक हे शेताला कोळी पुरवणारं कोठार. दोन, पडीकाचे स्वतःचे रहिवासी, जे शेतात कधी येणारच नाहीत. झाकणवाली बाई तुमच्या पिकासाठी काहीही करणार नाही. 'पडीक राखा, कीड कमी होईल' एवढंच म्हणत राहिलो तर उद्या कोणी म्हणेल, मग गवताचा बांध पुरे, माळ कशाला?

---

बांधावरची

हे पटलं, मीही ती गल्लत करत होते. पुरवठ्यासाठी गवताचा बांध खरंच बऱ्यापैकी काम करतो. ब्रिटनमध्ये मोठ्या शेतांच्या मधोमध गवताचे उंचवटे ठेवतात, हिवाळ्यात कोळी नि भुंगेरे तिथे थांबतात. आच्छादनही चालतं. १९९० मध्ये सुझन रीचर्ट आणि लेस्ली बिशप यांनी भाजीच्या वाफ्यांत वाळलेलं गवत अंथरलं. कोळी वाढले, भाजीचं नुकसान कमी झालं. त्याच वाफ्यांतून कोळी काढले तेव्हा फायदाही गेला. म्हणजे काम गवताचं नव्हतं, कोळ्यांचंच होतं.

पण दगडाखालच्या, सालीखालच्या, बिळातल्या मंडळींना बांध पुरायचा नाही. त्यांना न उलथलेली जमीनच लागते.

---

नांगऱ्या

आच्छादन करून बघतो, ते हातात आहे. पडीक ठेवायला मात्र आधी पडीक असावं लागतं 🙂 माझ्याकडे बांधही वीतभर उरलाय, दर नांगरटीला दोन्हीकडून कोरला जातो. यंदा तेवढा तरी सोडतो. माळकरी, तुमच्या शेताची नांगरट झाली की परत मोजा. कोळी किती दिवसांत येतात ते कळलं तर मला उपयोगाचं आहे.

---

माळकरी

काका, नांगरट झाली. रात्री बॅटरी घेऊन गेलो. बांधाजवळ पाच-सहा ठिपके, मधे काळोख. अगदी शून्य.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं असताना ढेकळांवर पाहिलं तर एका ढेकळावरून दुसऱ्यावर असंख्य धागे. सगळे एकाच दिशेला झुकलेले, शेतभर चमकत होते. धागे आहेत, कोळी कुठेत ते कळेना. मग एका ढेकळाच्या टोकावर सापडला, तिळाएवढा. पाय ताठ, पोट वर, टाचा उचलून उभा.

---

अष्टपाद

तो निघायच्या बेतात होता. पोट वर करून धागा सोडतो आणि वारा ओढून नेतो. नुसता वाराच नव्हे, हवेतल्या विद्युत क्षेत्राचीही त्याला जाणीव होते आणि निव्वळ त्यावरही तो उचलला जाऊ शकतो, हे २०१८ मध्ये ब्रिस्टलच्या एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट यांनी दाखवलं. १ नोव्हेंबर १८३२ ला किनाऱ्यापासून साठ मैलांवर बीगल जहाजाच्या दोरखंडांवर असे कोळी उतरलेले डार्विननं पाहिले. क्राकाटोआ १८८३ मध्ये फुटून राख झाल्यावर नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्यांना जिवंत असं काही दिसलं तर एक बारकासा कोळी, जाळं विणत बसलेला.

तुमचं नांगरलेलं शेत त्यांच्या लेखी असंच एक नवं बेट. उडणारे पहिल्या आठवड्यात येतात, बांधावरचे लांडगे चालत चालत मागून. तेव्हा नांगऱ्या काकांसाठी पेले मांडायचे तर सरसकट नको. बांधापासून पाच, पंधरा, तीस पावलांवर एकेक ओळ करा, दर चार दिवसांनी मोजा. तळाला पानं विसरू नका.

---

माळकरी

मांडले. पाच पावलांच्या ओळीत आज पहिला पडला. हातमोजे नाहीत, मादी आहे, अंड्यांची पिशवी सोबत. पेला बांधाच्या बाजूला आडवा केला तर ती उलट शेताकडेच गेली.